देखणं ढेकूळ

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो, आणि माझे गाजलेले दिवस गढूळ पाण्यात गेले आहेत. हसू नका. तुमच्या घरातल्या बरण्या साखर सांभाळतात, मीठ सांभाळतात, फार तर बिस्किटं. मी चिखल सांभाळला. आणि तो चिखल पोटात घेऊन मी अशा अशा टेबलांवर बसून आले आहे, की तिथं साखरेच्या बरणीला कोणी दारातसुद्धा उभं केलं नसतं.

माझा जन्म भट्टीतला. वाळूची पोर मी. साच्यातून आम्ही दोघी पाठोपाठ बाहेर पडलो, मी आणि माझी जुळी बहीण. तिच्या बुडाशी हवेचा एक बारीक बुडबुडा आहे, माझ्या बुडाशी नाही, एवढाच काय तो आमच्यातला फरक. दुकानातून एका आईनं आम्हाला जोडीनं घरी आणलं. बहिणीत साखर भरली, माझ्यात मीठ. दर आठवड्याला ती आम्हाला पुसून लख्ख करायची आणि खिडकीशी धरून डाग राहिला का ते बघायची. काय दिवस होते ते! पुढे घरात स्टीलचे डबे आले, आमची झाकणं कुठंतरी गहाळ झाली आणि आमची रवानगी माळ्यावर झाली. किती वर्षं तिथं धूळ खात पडलो, कोण जाणे. कोळ्यानंसुद्धा माझ्या आत जाळं विणलं, आणि खरं सांगते, सोबत म्हणून मला तेही आवडलं होतं.

एक दिवस माळ्याचं दार उघडलं आणि त्या घरची मुलगी शिंकत शिंकत वर आली. तिला आपण ताई म्हणू, सगळे म्हणायचेच. ताई तीन टेबलांच्या एका छोट्या संस्थेत कामाला होती. काम काय, ते तिच्या आईलाही धड सांगता यायचं नाही. शेजारणीनं विचारलं की आई म्हणायची, "जाते बाई रोज कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत आणि सांगत बसते." "काय सांगते?" "माती!"

आई चिडून म्हणायची, पण बोलायची अगदी बरोबर. ताई खरोखरच मातीबद्दल सांगायची. झालं होतं असं, की पाऊस पूर्वी पुरवून पुरवून पडायचा. आता तो दोन तासांत सगळा ओतून मोकळा होतो आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाही. उन्हाळा तर दरवर्षी एक पायरी वर चढतो. अशा हवेत शेती टिकवायची तर जमीन उघडी टाकून चालत नाही. कापणी झाली की तिच्यावर लगेच हिरवळीचं पीक पेरायचं, ते वाढलं की तिथंच गाडायचं. मग माती भुसभुशीत होते, पाऊस पिऊन घेते आणि उन्हात धरून ठेवते. शेतकऱ्यांना हे कळत होतं. पण त्यासाठी सरकारी नियम बदलायला हवे होते, आणि ते बदलून आणणं हेच ताईचं काम.

"या दोन्ही बरण्या मी नेते गं," ताई म्हणाली.

"ने की. काय भरणार?"

"ढेकळं."

आईनं हातातली परात खाली ठेवली. "माझ्या साखरेच्या बरणीत ढेकळं? शिकून सवरून हेच सुचलं का? आणि सरकारला चिखल दाखवून कोण ऐकणार आहे तुझं?"

"कागद दाखवून तरी कुठं ऐकतायत?" ताई म्हणाली आणि आम्हाला घासायला बसली.

खेळ साधा होता, मित्रांनो, तुम्हीही करून बघा. दोन बरण्यांत काठोकाठ पाणी भरायचं. प्रत्येकीच्या तोंडाला तारेची छोटी जाळी अडकवायची. एका जाळीवर उघड्या रानातलं वाळलेलं ढेकूळ ठेवायचं, दुसरीवर हिरवळीच्या पिकानं झाकलेल्या रानातलं, आणि दोन्ही पाण्यात बुडू द्यायची. मग गप्प बसायचं. झाकलेल्या रानातलं ढेकूळ पाणी पितं आणि तसंच बसून राहतं, कारण त्याला मुळांच्या धाग्यांनी बांधलेलं असतं. उघड्या रानातलं ढेकूळ मात्र पाच मिनिटांत ढासळतं, आणि सगळं पाणी चहासारखं होतं. पावसात त्या रानाचं काय होत असेल, ते मग कोणाला सांगावं लागत नाही.

आता ऐका माझं नशीब. पहिल्याच दिवशी ताईनं उघड्या रानातलं ढेकूळ माझ्यात टाकलं आणि झाकलेल्या रानातलं बहिणीत. तेव्हापासून तेच ठरून गेलं. कचेरीत कोणीही बघितलं की बहिणीकडे बोट दाखवून म्हणायचं, "वा! काय नितळ!" आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायचं. मी मनातल्या मनात म्हणायची, अहो, पण माझ्यामुळे तर तिचं नितळपण दिसतंय! कोण ऐकतंय? मत्सर वाटायचा मला. लपवू कशाला, काचेची आहे मी, आतलं सगळं दिसतंच.

दोन्ही ढेकळं यायची एकाच गावातून. बहिणीचं ढेकूळ तिथल्या एका शेतकरी बाईच्या शेतातलं, तिला ताई काकू म्हणायची. काकूकडे स्वतःची विहीर होती, म्हणून चार वर्षं ती कापणीनंतर हिरवळीचं पीक घेत होती. माझं ढेकूळ काकूच्या जावेच्या शेतातलं. मधे फक्त एक बांध. तीच जमीन, तेच आभाळ, पण जावेकडे विहीर नव्हती. तिला कालव्याचं पाणी पंपानं चढवून घ्यावं लागायचं, आणि कापणी झाली की कालवा बंद व्हायचा. जाऊबाई ताईला भेटली की कमरेवर हात ठेवून म्हणायची, "सगळ्या कचेऱ्यांत माझ्याच मातीची अब्रू काढतेस ना गं? काढ, काढ. पण एक दिवस पाणी आणून दे, मग बघ माझं शेत."

अशा जाऊबाईसारख्या तीस बायका होत्या त्या गावात. ताईनं त्यांना शब्द दिला होता. "यंदाच्या कापणीनंतर तुम्हाला बी मिळेल, पाणी मिळेल आणि वीज मिळेल. माझा शब्द." त्या शब्दावर तिसांनी शेताचा काडीकचरा जाळायचा नाही, नांगरट पुढं ढकलायची असं ठरवलं, घरच्यांची बोलणी खाल्ली. जाऊबाईच्या नवऱ्यानं तर स्पष्ट सांगितलं होतं, "या वर्षी ऐकतो. पाणी नाही आलं, तर पुढच्या वर्षी ती बाई आणि तिच्या बरण्या, दोन्ही वेशीबाहेर." ताई हे आम्हाला सांगायची, मित्रांनो. बसमध्ये आम्हाला मांडीवर घेऊन बसायची आणि पुटपुटायची, "शब्द देऊन बसलेय गं मी. फुकट गेला तर पुन्हा कोणत्या तोंडानं जाऊ त्या गावात?"

कारण अडचण कसली होती, तर बी होतं शेतीखात्याकडे, पाणी होतं कालवेखात्याकडे आणि वीज होती वीजखात्याकडे. तिन्ही खाती एकाच इमारतीत, एकावर एक. पहिल्या मजल्यावर शेतीसाहेब, दुसऱ्यावर कालव्याच्या मॅडम, तिसऱ्यावर वीजवाले साहेब. पण पहिल्या मजल्यावरचं पत्र दुसऱ्या मजल्यावर चढायला अकरा दिवस लागायचे. जिना चांगला रुंद होता. लिफ्टही चालू होती. तरी अकरा दिवस.

शेतीसाहेब गोड माणूस. आम्हाला बघून खूष व्हायचे, चष्मा लावून वाकून बघायचे. "ताई, एकदम पटलं! बी द्यायला मी एका पायावर तयार आहे. फक्त पाणी सुटणार आहे, असं कालव्याकडून लेखी आणा."

ताई आम्हाला घेऊन दुसऱ्या मजल्यावर. कालव्याच्या मॅडम कामाच्या, तोंडदेखलं काही नाही. "पाणी सोडीन. पण पंपाला वीज नसेल तर ते पाणी नुसतंच वाहून जाईल. वीजवाल्यांचं लेखी आणा."

पुन्हा जिना. वीजवाले साहेब आम्हाला बघून हसायचे. "हा चिखलाचा खेळ बरा आहे हो तुमचा, ढेकूळताई!" हे नाव त्यांनीच पाडलं आणि ते तिन्ही मजल्यांवर चिकटलं. "वीज देतो ना. शेतीखात्यानं मागणी करू दे, की आमचं बी निघालं, लाइन चालू ठेवा. मागणीशिवाय वीज कशी देणार?"

म्हणजे बघा! पुन्हा पहिला मजला. आडातलं पोहऱ्यात यायला कोणी दोरच धरेना. सात महिने आम्ही तो जिना चढलो आणि उतरलो. दर वेळी मी गढूळ, बहीण नितळ, आणि सगळे म्हणायचे "वा." एवढ्या वेळा वा ऐकून एखादी नदीसुद्धा वळली असती.

शेवटी या तिघांच्याही वरचे जे मोठे साहेब, त्यांनी दहा मिनिटं दिली. सोमवार, सकाळचे अकरा. तिघांनाही हजर राहायला सांगितलं. तेव्हा कापणी आठ दिवसांवर आली होती. कापणीनंतर ओल दहा-बारा दिवसच टिकते, त्यात पेरलं नाही तर संपलं. म्हणजे हीच शेवटची संधी होती, आणि हे ताईला माहीत होतं, काकूला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

दर वेळी ताई स्वतः शेतात जाऊन ढेकूळ उचलायची. या वेळी तिला कागद तयार करायचे होते, म्हणून तिनं काकूला निरोप धाडला: येताना दोन्ही ढेकळं घेऊन ये. सोमवारी सकाळी काकू आली. नवं लुगडं, डोक्याला तेल, आणि मांडीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेलं ढेकूळ, तान्ह्या बाळासारखं. जावेच्या शेतातलं नेहमीचं ढेकूळ वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी होतं. तिनं फडकं सोडलं आणि ताई म्हणालीच, "अगं बाई! काय देखणं ढेकूळ आहे!"

खरंच देखणं होतं. गोल, घट्ट, चकचकीत, एक कण इकडचा तिकडे नाही. काकू लाजून म्हणाली, "तीस जणींनी मिळून शोधलं. मोठ्या साहेबांपुढं मांडायचं, मग फुटकं-तुटकं कसं आणायचं?"

ताईच्या डोक्यात कागद होते. मला मात्र तेव्हाच खटकलं. बहिणीच्या जाळीवर नेहमी जे ढेकूळ यायचं, ते मऊ बसायचं, त्यातून थोडा भुगा खाली पडायचा. हे बसलं ते ठक् करून. पण बरणीनं सांगायचं कसं?

मोठ्या साहेबांची खोली मोठी, टेबल त्याहून मोठं. तिघं अधिकारी रांगेत बसले, एकमेकांकडे न बघता. काकू दाराशी उभी राहत होती, तिला साहेबांनीच खुर्ची दिली. ताईनं आम्हाला समोर ठेवलं, पाणी भरलं आणि बोलायला सुरुवात केली. "साहेब, डाव्या बरणीत उघड्या रानाची माती आहे. उजवीत झाकलेल्या रानाची. आता तुम्हीच बघा."

माझ्यातलं ढेकूळ ढासळलं. नेहमीचंच. मी गढूळ झाले. मग सगळ्यांच्या नजरा बहिणीकडे वळल्या, आणि मित्रांनो, बहिणीच्या पाण्यात एक तपकिरी धागा उतरला. मग दुसरा. मग त्या देखण्या ढेकळाची एक बाजू सुटली, धप्पकन तळाशी गेली, आणि बघता बघता माझी बहीण माझ्यापेक्षाही गढूळ झाली.

खोटं नाही सांगणार. मला एक क्षणभर बरं वाटलं. आता कळलं ना, असं वाटलं. मग मी ताईचा चेहरा बघितला आणि मला माझीच लाज वाटली.

वीजवाल्या साहेबांनी घसा खाकरला. "ढेकूळताई, यातली झाकलेली कुठली म्हणालात?"

शेतीसाहेब चष्मा पुसत बसले. काकूचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. ताईला तेव्हा काहीही सांगता आलं असतं. ढेकळं अदलाबदल झाली, असं म्हणाली असती तर खपलंही असतं. पण ती काकूकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "काकू, हे कुठून उचललंत?"

"आपल्याच शेतातनं गं. बांधाकडच्या कोपऱ्यातनं. तिथं ट्रॅक्टर वळतो ना, तिथं ढेकळं अशी मोठी मोठी घट्ट निघतात. मधल्या मातीला मेलीला आकारच नाही, हातात घेतली की सुटते. ती कशी आणायची साहेबांपुढं?"

ताई काकूकडे बघत राहिली आणि मग तिला हसू फुटलं. आधी ती तोंड दाबून हसली, मग तिला आवरेना. काकूला आधी कळेना, मग कळलं, आणि तिनं कपाळावर हात मारला. "अगंबाई, म्हणजे मी दाबलेली माती घेऊन आले! घोडचूक झाली गं!"

"काय चाललंय?" मोठे साहेब म्हणाले.

"साहेब, चूक आमची आहे," ताई डोळे पुसत म्हणाली. "चांगली माती देखणी नसते. ती भुसभुशीत, ओबडधोबड असते. या बायकांनी तुमच्या मानासाठी शेतातलं सगळ्यात देखणं ढेकूळ शोधलं, आणि ते निघालं ट्रॅक्टरच्या चाकाखालचं. तिथं काहीच पेरत नाहीत. म्हणून ते विरघळलं."

"हे तुम्ही म्हणता. मी विश्वास कशावर ठेवू?"

"माझ्यावर ठेवूच नका. या बरण्यांवरही नको. तुम्ही स्वतः या, शेताच्या मधोमध जा आणि तुमच्या हातानं ढेकूळ उचला. ते विरघळलं, तर मी पुन्हा हा जिना चढणार नाही."

माझ्या अंगावर काटा आला. काचेवर येत नाही म्हणतात, पण आला. मोठ्या साहेबांनी घड्याळ बघितलं. मग काकूकडे बघितलं, तिच्या मांडीवरच्या रिकाम्या फडक्याकडे बघितलं आणि ते तिघांना म्हणाले, "मला जमणार नाही. तुम्ही तिघं उद्या जा. आणि हो, बाकीच्या गाड्या दुरुस्तीला गेल्यात. एकच जीप आहे. सांभाळून घ्या."

दुसऱ्या दिवशी त्या एका जीपमध्ये पुढं ड्रायव्हर आणि शेतीसाहेब, मागं एका खिडकीशी कालव्याच्या मॅडम, दुसऱ्या खिडकीशी वीजवाले साहेब, आणि मधे अंग चोरून ताई, मांडीवर आम्ही दोघी. तीन तासांचा रस्ता. पहिला तास कोणी चकार शब्द काढला नाही. एकाच इमारतीत एकोणीस वर्षं काम केलेली माणसं, पण एकमेकांना फक्त सहीवरून ओळखत होती.

मग कालवा दिसला, कोरड्या कडा, तळाशी थोडं पाणी. शेतीसाहेब सहज म्हणाले, "मॅडम, कापणीनंतर कालवा बंद करता तो दुरुस्तीसाठी ना?"

"दुरुस्तीवाले पंधरा दिवसांनी येतात," मॅडम म्हणाल्या. "पण आधीच बंद करतो. पंपाची लाइनच बंद असते, पाणी घेणार कोण?"

वीजवाले साहेब गर्रकन वळले. "लाइन आम्ही बंद ठेवतो, कारण तुमचा कालवा बंद असतो! पाणीच नाही, तर पंपाला वीज कशाला?"

"अहो, तुमची लाइन बंद म्हणून आमचा कालवा बंद!"

"तुमचा कालवा बंद म्हणून आमची लाइन बंद!"

पुढून शेतीसाहेब बारीक आवाजात म्हणाले, "आणि दोन्ही बंद म्हणून आम्ही बी गोदामाबाहेर काढत नाही."

तेव्हा ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "म्हणजे साहेब, गेली एकोणीस वर्षं कोणीच काही बंद केलेलं नाही म्हणायचं. सगळं आपलं आपणच बंद झालंय."

आधी मॅडम हसल्या. त्या हसतात हे त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. मग वीजवाले साहेब मांडीवर थाप मारून हसले, आणि ती थाप माझ्यावरच बसली. शेतीसाहेबांच्या चष्म्यावर वाफ आली. ताई मात्र हसत नव्हती. तिनं गुपचूप वही काढली होती आणि लिहीत होती: दुरुस्तीआधीचे पंधरा दिवस. पाणी, वीज, बी. हेच पंधरा दिवस. हसू ओसरलं तेव्हा तिनं ते पान मधोमध धरलं. "एवढेच पंधरा दिवस हवेत मला. कोणाचं काही जास्त जात नाही."

शेतात तीस बायका बांधावर उभ्या होत्या, काकूच्या चुकीमुळे ओशाळलेल्या. जाऊबाई सगळ्यांत पुढं, कमरेवर हात. वीजवाले साहेब पिकाच्या ओळींतून आत गेले, बुटांची पर्वा न करता, थेट काकूच्या शेताच्या मधोमध. वाकले, माती उचलली. ती हातात सुटली. पुन्हा उचलली. चार वेळा प्रयत्न केला तेव्हा कुठं एक वेडंवाकडं ढेकूळ हाती लागलं, त्यात मुळं लोंबत होती आणि एक गांडूळ दचकून बाहेर आलं. साहेबही दचकले. बायका खुदखुदल्या. मग ते जाऊबाईच्या शेतातून एक उचलून आले. दोन्ही ढेकळं मॅडमनी कढईत घालून मंद चुलीवर वाळवली, कारण ओली कशी तपासणार, असं त्या म्हणाल्या. कशावरही सहजासहजी विश्वास न ठेवणारी माणसं मला आवडतात.

काकूच्या घागरीतलं पाणी आमच्यात भरलं. माझ्यात जाऊबाईचं, बहिणीत काकूचं. पाच मिनिटं. मी गढूळ, बहीण नितळ! बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण वीजवाले साहेब म्हणाले, "थांबा. मला त्या बरणीचाच संशय आहे. दर वेळी हीच गढूळ होते. बरणीतच काही खोट असेल."

असं म्हणून त्यांनी मला रिकामं केलं, धुतलं, पुन्हा भरलं आणि काकूच्या शेतातलं दुसरं ढेकूळ वाळवून माझ्या जाळीवर ठेवलं.

मित्रांनो, काय सांगू! एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. माझ्यात ढेकूळ शांत बसून होतं. दोन-चार बुडबुडे वर आले, बस्स. माझ्यातून आरपार ऊन गेलं आणि खालच्या बांधावर उजेडाचा एक गोल पडला. इतके महिने मला वाटायचं की मीच मुळात डागाळलेली आहे. नव्हते मी! आनंदानं मी फुटलेच असते. साहेबांनी मला दोन्ही हातांनी वर उचललं आणि ओरडले, "अरे, बरणी चांगली आहे! मातीचाच फरक आहे!" आणि त्याच आनंदात त्यांनी मला खाली ठेवलं, ते नेमकं दगडावर. टक्! बुडाशी एक बारीक तडा गेला. कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि मीही काही मनाला लावून घेतलं नाही.

कागद तिथंच तयार झाला, जीपच्या बॉनेटवर. वारा सुटला होता, कागद उडायला लागला, तेव्हा शेतीसाहेबांनी त्यावर मला ठेवलं. मी वरून सगळ्या सह्या बघितल्या. शेतीसाहेबांची गोल सही, मॅडमची सरळ, वीजवाल्यांची भलीमोठी. जो कागद मजले चढायला महिना घेत होता, तो चहाचा एक कप संपायच्या आत पुरा झाला. मोठ्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर एकच प्रश्न विचारला, "हा कोपऱ्यात ओला गोल डाग कसला?" ताई म्हणाली, "बरणीचा, साहेब." त्यांनी सही केली.

कापणी झाली. बी आलं, पोती जाऊबाईच्या ओसरीवर रचली गेली. ठरलेल्या दिवशी सकाळी सगळ्या बायका पंपाशी जमल्या. ताई आम्हाला घेऊन आली होती, सवयीनं. कालव्यात पाणी आलं होतं, पण पंपाचा दिवा लाल होता. दहा वाजले. साडेदहा वाजले. जाऊबाईचा नवरा हाताची घडी घालून लांब उभा होता. ताईच्या हाताला घाम सुटला होता, माझ्या काचेवर तिची बोटं उमटत होती. तिचा शब्द तिथं त्या लाल दिव्यावर टांगलेला होता.

अकराला दिवा हिरवा झाला. पंप घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. पाइपच्या तोंडातून आधी नुसती हवा आली, मग गंजाचं पाणी, आणि मग भसकन स्वच्छ धार. ती पाटातून पळत सुटली ती थेट जाऊबाईच्या शेतात. बायका ओरडल्या. काकूनं जावेला मिठी मारली. जाऊबाईचा नवरा जवळ आला, इकडे तिकडे बघितलं, पाटात हात बुडवला आणि ताईला म्हणाला, "बरण्या वेशीबाहेर वगैरे मी बोललो होतो. ते विसरा."

ताई तिथंच बांधावर खाली बसली आणि ढसाढसा रडली. जाऊबाईनं तिला उठवलं, तिच्या ओंजळीत बी घातलं. "रडतेस काय? पहिली मूठ तुझी. टाक!" ताईनं बी फेकलं, ते वाऱ्यावर भलतीकडेच पांगलं, आणि तीस बायका एकदम म्हणाल्या, "अगं, असं पेरतात का?" एवढी माती सांगत फिरलेल्या बाईला पेरता येत नव्हतं! त्या दिवशी सगळे जास्तीत जास्त हसले ते यावर.

पुढच्या वर्षी तो आदेश आणखी गावांना लागू झाला. तडा गेल्यावर मी पाणी धरेनाशी झाले, म्हणून ताईनं माझ्या जागी नवी बरणी घेतली. चार दिवस मला वाईट वाटलं. मग जाऊबाई ताईच्या कचेरीत आली आणि मला मागून घेऊन गेली. आता मी तिच्या घरात फळीवर असते आणि माझ्यात पुढच्या हंगामाचं हिरवळीचं बी असतं. बियांना तडा चालतो. बहीण अजून जिने चढते. भेटली की सांगते, पहिला आणि दुसरा मजला आता जेवायलासुद्धा एकत्र बसतात.

मित्रांनो, म्हातारी वस्तू शेवटी काहीतरी मागतेच, तशी मीही मागते. मला जपा असं मी म्हणणार नाही. मी फुटले तर बाजारात दुसरी बरणी मिळेल. पायाखालच्या मातीची तशी सोय नाही, म्हणून तिला उघडी टाकू नका. तिची परीक्षा करायची असेल तर शेताच्या मधोमध स्वतः जा, दुसऱ्यानं आणलेल्यावर भागवू नका. आणि जाताना, ज्याच्यामुळे आपलं काम अडलंय असं तुम्हाला वाटतं ना, त्यालाही त्याच गाडीत घ्या. रस्ता जरा लांबचाच धरा.